मधल्या मजल्यावरची भिंत

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातली ती आग मला अजून आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. निवृत्तीनंतर मी गोकुलमला राहायला आलो. इथे सकाळी माझ्या फाटकासमोरून परदेशी पोरंपोरी योगाच्या चटया काखेत मारून जातात आणि मला 'नमस्ते अंकल' म्हणतात. मीही नमस्ते म्हणतो. पण मन कुठे असतं म्हणाल, तर ते मंडीतल्या त्या गल्लीत फिरत असतं.

आमचे लोक मूळचे रंगारी. कापड रंगवणारे, लाकडी ठशांनी छापणारे. कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आले, कन्नड मुलखात मुरले, घरात मात्र मराठी टिकली. ती मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो अर्धा वेळ हसतो आणि अर्धा वेळ 'म्हणजे काय?' विचारतो. धंदा माझ्या आजोबांबरोबर संपला. कुणी शिक्षक झाला, कुणी कारकून, मी फौजदार झालो. नातवंडं आता मराठी म्हणून जे बोलतात त्यात मराठी शोधावी लागते. म्हणून ही केस लिहून ठेवतोय. नावं कुणाचीच देत नाही.

दुपार होती. मी स्टेशनात डबा उघडून बसलो होतो. फोन आला की अमुक गल्लीत 'बेंकी' लागली आहे. कन्नडमध्ये आगीला बेंकी म्हणतात आणि तो शब्द फोनवर कुणीही हळू उच्चारत नाही. डबा तसाच टाकून दोन शिपाई घेऊन पळालो.

घर तीन मजली, अरुंद, वर जायला एकच जिना. तळाला भाड्याने दिलेलं उदबत्ती पॅकिंगचं गोदाम होतं. म्हणजे कागद, पुठ्ठा, कोळशाची भुकटी आणि सुगंधी तेल, सगळं एका छताखाली. कामगार जेवायला गेले होते. मधल्या मजल्यावर घरच्या दोन भावांतला थोरला बायकोमुलांसह राहायचा. तो कचेरीत होता, मुलं शाळेत, बायको बाजारात. सर्वांत वर म्हातारे वडील आणि धाकटा, अविवाहित मुलगा.

अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली होती. समोर गुळाच्या ढेपा उतरवणारा ट्रक, मागे हातगाड्या. शेवटी त्यांनी गाडी तिथेच सोडली आणि होजला होज जोडत पाणी आत नेलं. जितके जोड जास्त तितका पाण्याचा जोर कमी, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आगीच्या ठिकाणी सगळ्यांत आधी बघे पोचतात, त्यांच्यानंतर सल्ला देणारे आणि मग आम्ही. माझ्या शिपायांचा अर्धा वेळ पाइपावर उभ्या राहिलेल्या लोकांना पाइपावरून उतरवण्यात गेला.

दलाचे अधिकारी माझ्या वयाचे, उंच, कन्नड गृहस्थ होते. दसऱ्याच्या बंदोबस्तात आमची गाठ पडे. माणूस कमी बोलणारा. तळमजल्याची आग त्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आणली. धूर काळ्याचा पांढरा होऊ लागला, तसे आम्ही सगळे जरा सैलावलो. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून एक बाई ओरडली, "मेले नोडी!" म्हणजे वर बघा. आम्ही वर पाहिलं. सर्वांत वरच्या मजल्याच्या कौलांमधून धूर उसळत होता आणि कौलं तडतडत फुटत होती.

खाली विझत आलेली आग वर कशी गेली, हे विचारायला वेळ नव्हता. वर म्हातारा आहे हे कुणीतरी सांगितलं. श्वासाची उपकरणं तेव्हा प्रत्येक गाडीवर नसत. अधिकाऱ्यांनी ओला पंचा तोंडाला बांधला आणि एक माणूस घेऊन जिना चढले. बराच वेळ काहीच दिसेना. मग त्यांचा माणूस म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून खाली आला. म्हाताऱ्यात प्राण नव्हता. मागून अधिकारी आले ते भिंतीला धरून, एक पाय फरपटत. वरच्या खोलीतल्या फळ्या मोडून त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला होता आणि चांगलाच भाजला होता. त्यांना तसंच हॉस्पिटलात नेलं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा केला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. तळमजला मागच्या कोपऱ्यात पूर्ण जळालेला. वरचा मजला एका कोपऱ्यात पूर्ण जळालेला, बाकी काळवंडलेला. आणि मधला मजला जसाच्या तसा. भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं, त्याचा कागद पिवळासुद्धा पडला नव्हता. ओट्यावर सकाळचं दही लागलेलं होतं. आग तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर जाते आणि मधल्याला शिवत नाही, हे कुणाला पटेल? प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेलं होतं की दोन वेगळ्या जागी दोन आगी म्हणजे लावलेली आग. नवशिक्या शिपायानेही तेच सांगितलं असतं.

संध्याकाळी थोरला भाऊ स्टेशनला आला. आमच्याच रंगारी लोकांतला, बोलणंही आमच्याच मराठीतलं. डोळे सुजलेले, पण आवाज कडक.

"सार्, ही आग लागलेली नाही, लावलेली आहे. घर विकायचं म्हणून मी वर्षभर सांगतो. धाकटा सही करत नाही. 'घर गेलं तर कुणालाच मिळू नये' म्हणून भांडला माझ्यासंगट. सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

"वडील वर होते. त्यांच्या जिवाचा विचार केला नसता का त्यानं?"

"ते मला गोत्तिल्ला सार्. त्यालाच विचारा."

माहीत नाही, एवढंच तो म्हणाला. पण सख्ख्या भावाविरुद्ध फिर्याद देताना माणसाचा हात किती जड होतो ते मला ठाऊक होतं आणि याचा हात जड झाला नाही, हे मला खटकलं. फिर्याद घेतली. अपमृत्यूची नोंद होती तिथे आता आग लावणे आणि खून ही कलमं आली.

मग खबर लागली. मार्केटात केळीची पानं विकणारा एक जण आमच्या हेड कॉन्स्टेबलचा जुना खबऱ्या होता. त्याने सांगितलं की आगीच्या थोडं आधी धाकटा एक जड गाठोडं घेऊन गल्लीतून घाईघाईने गेला. शिवाय धाकटा रंगाच्या दुकानात कामाला होता, म्हणजे टर्पेंटाइन रोजच हाताशी. आणि हॉस्पिटलातून अधिकाऱ्यांचा जबाब आला त्यात एक ओळ होती की वरच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, ती त्यांनी स्वतः काढली.

भांडण, गाठोडं, टर्पेंटाइन आणि बाहेरून कडी. वरिष्ठ म्हणाले, "आता आणखी काय हवंय तुम्हाला? सोन्याच्या ताटात वाढून आलंय."

धाकट्याला आणलं. पस्तिशीचा, बारीक अंगाचा, नखांत रंग अडकलेला. लहानपणी आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नखं तशी होती. मी कन्नडमध्ये सुरुवात केली, तो उत्तर देईना. मग मराठीत विचारलं, आमच्या घरच्या मराठीत. त्याने मान वर केली.

"गाठोड्यात काय होतं रे?"

"ठसे होते सार्. अप्पांचे. छापायचे ठसे. अप्पा रोज विचारायचे, ठसे कुठे, ठसे कुठे. झिजले होते. एक सुतार परत कोरून देतो म्हटला, त्याला द्यायला गेलो."

"आणि नेमकं त्याच दिवशी?"

"त्या दिवशी त्याला वेळ होता, म्हणून."

"दाराला कडी कुणी घातली?"

तो नखातला रंग खरवडू लागला. मी वाट पाहिली. चौकशीत गप्प बसणाऱ्याला घाई करू नये. घाईने माणूस खोटं तरी बोलतो किंवा घट्ट तरी होतो. शेवटी तो म्हणाला, "मी घातलो. अप्पांना मीच मारलो."

लिहिणाऱ्या शिपायाचं पेन कागदावर टेकलं. मी हाताने त्याला थांबवलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे तर आहेच. पण ज्याने खून केला तो माणूस 'मीच मारलं' असं म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, आता काय होतं ते बघायला. हा पायाकडे बघत होता.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. म्हाताऱ्याला विसरभोळेपणाने घेरलं होतं. दार उघडं दिसलं की ते खाली उतरत, रस्त्यावर जात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत की रंगाच्या हंड्या कुठे नेल्या. एकदा ते लष्कर मोहल्ल्यापर्यंत गेले होते. म्हणून बाहेर जाताना धाकटा कडी घालून जात असे. त्या दिवशीही त्याने घातली.

सुताराकडे हेड कॉन्स्टेबलला पाठवलं. ठसे तिथे होते. तरीही दोन आगींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते मिळाल्याशिवाय या माणसाला मी सोडू शकत नव्हतो. वडिलांच्या अस्थी थोरल्याकडे होत्या. टी. नरसीपूरला कावेरी-कपिलेच्या संगमावर त्या नेताना धाकट्याला बरोबर येऊ देणार नाही, असं थोरल्याने गल्लीत सांगून टाकलं होतं. धाकट्याने लॉकअपमधून माझ्याकडे एकच मागणं केलं. जेल झाली तरी चालेल, पण त्या दिवसापुरतं मला बेड्या घालून का होईना, तिथे न्या.

मी हॉस्पिटलात अधिकाऱ्यांकडे गेलो. पाय उंचावर बांधलेला, चेहरा उतरलेला. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मी विचारलं, "तुमचा पाय नेमका कुठे गेला?"

"कोपऱ्यात. तिथे एक पेटती ट्रंक होती, तिच्या बाजूला." ते थांबले. "एक सांगू का? पाय फळीतून गेला तर खालच्या मजल्याचं छत लागायला हवं. माझ्या पायाला काहीच लागलं नाही. खालून नुसती गरम हवा येत होती, भट्टीच्या तोंडातून येते तशी. खाली घर नसून पोकळी असावी असं वाटलं. आगीला जिना लागत नाही साहेब. वर जायला मोकळी वाट मिळाली की ती माणसाच्या आधी पोचते. आम्ही खाली पाणी मारत असतो आणि ती आमच्या पाठीमागून भिंतीतून वर गेलेली असते. आमच्या कामात हीच भीती असते. दिसते त्या आगीशी आम्ही लढू शकतो."

पोकळी म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचं घर उभं राहिलं.

त्या घराच्या एका कोपऱ्यात तळापासून छपरापर्यंत चौकोनी मोकळी जागा सोडलेली होती. गल्ली अरुंद, अंगण नाही, आणि म्हैसूरला पाऊस कधी येईल याचा नेम नाही. मग रंगवलेली लांब कापडं वाळवायची कुठे? तर वरच्या आढ्याला बांधून ती तिन्ही मजल्यांमधून खाली सोडायची. खालून वर हवा खेळती राहायची आणि कापड सावलीत वाळायचं, रंग उडायचा नाही. घरात आम्ही तिला 'बावी' म्हणत असू. कन्नडमध्ये विहिरीला बावी म्हणतात. लहानपणी मी त्या बावीच्या तळाशी उताणा पडून राहायचो. वरून तांबडी, निळी, हळदी कापडं लोंबत असायची, मध्येच एखादा थेंब कपाळावर पडायचा आणि आजी ओरडायची की शर्ट रंगला तर धुणार कोण. ते घर पडून तिथे लॉज झालं. त्या रंगाचा वास मला पुन्हा कुठे मिळाला नाही. किती वर्षं मी तो मनात धरून आहे, ते त्या हॉस्पिटलच्या खाटेजवळ उभा असताना मला कळलं.

तिथून सरळ त्या घरी गेलो. पंच बोलावले, थोरल्याला बोलावलं. मधल्या मजल्यावर कॅलेंडर काढून भिंतीवर बोटांनी वाजवलं. बाकी भिंत बद्द वाजत होती, तिथे पोकळ वाजली. गवंड्याने चुन्याचा थर फोडला, विटा काढल्या. आतून काजळीचा भपकारा आला. टॉर्च मारली तर वर जळकं भगदाड, त्यातून आकाश दिसत होतं. खाली गोदामाच्या शेल्फांमागे जळक्या फळ्या. तळाला फळ्या, वर फळ्यांचं झाकण आणि मधे विटांची भिंत. म्हणून मधला मजला वाचला होता. गोदामातल्या जुन्या वायरिंगमधून आग लागली होती, ते पुढे विद्युत निरीक्षकांच्या अहवालात आलं. ती शेल्फांमागच्या फळ्यांतून बावीत शिरली आणि झाकण जाळून वरच्या मजल्यावर निघाली. घराच्या पोटात धुराडं होतं आणि त्याच्यावर बसून सगळे राहत होते. आग दोन ठिकाणी दिसली, पण होती एकच.

"हे कुणी बुजवलं?" मी थोरल्याला विचारलं.

तो त्या भोकाकडे बघत उभा राहिला होता. त्याचा कडक आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"अप्पांनी सार्. धंदा बंद झाला होता. हा रांगायचा तेव्हा. एक दिवस हा इथे कडेला आला, अर्धा आत गेला होता. मी अंगरख्याला धरून ओढलो. अप्पा घरी आले, त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशीच त्यांनी फळ्या मारल्या, इथे तर भिंतच घातली. पोरं इथेच खेळायची म्हणून." मग तो खाली बसला. "मला आठवायला पाहिजे होतं. मीच ओढलो होतो त्याला."

बावी झाकून विसरून जाण्याची चूक आमच्याच लोकांच्या हातून व्हायची. ज्याने कधी कापड वाळवलं नाही त्याच्या घरात बावी नसते, आणि धंदा सुटल्याचं दुःख ज्याला आहे तो तिला झाकून टाकतो आणि पुन्हा तिचं नाव काढत नाही. म्हाताऱ्याने लेकरासाठी झाकली होती.

अहवाल पाठवले, कलमं काढली आणि धाकट्याला सोडलं. शिपायाने दार उघडून 'जा' म्हटलं तरी तो स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. मी चहा मागवला, तो त्याने प्यायला नाही.

"आता कसली वाट बघतोस? केस संपली."

"आग कुणी लावली नाही, ते खरं सार्. पण कडी तर मीच घातलो. अप्पा दाराशी आले असतील. दार वाजवले असतील. मला हाक मारले असतील."

डॉक्टरांनी धुराने मृत्यू लिहिला होता, अंगावर भाजल्याची खूण नाही असंही लिहिलं होतं. पण दाराशी आले होते की नाही, हे डॉक्टर कुठून सांगणार? हे सांगू शकणारा माणूस हॉस्पिटलात होता. मी धाकट्याला जीपमध्ये बसवलं. थोरला बाहेर पानाच्या ठेल्याशी घुटमळत होता, त्यालाही हाताने खूण केली.

अधिकाऱ्यांना मी काहीच समजावलं नाही. धाकट्याने स्वतःच कन्नडमध्ये विचारलं, "सार्, आमचे अप्पा तुम्हाला कुठे सापडले?"

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश सांगितलं, "खाटेवर. कुशीवर निजले होते, भिंतीकडे तोंड करून. एक हात गालाखाली होता. पांघरूण पायापर्यंत नीट होतं, चपला खाटेखाली जोडीने ठेवलेल्या. मी त्यांना उचलून माझ्या माणसाच्या खांद्यावर दिलं, तेव्हा आधी पांघरूण उलगडावं लागलं. धूर आगीच्या पुढे धावतो बाबा, आणि झोपलेल्याला तो जागं करत नाही. मी घरं पाहिली आहेत जिथे माणसं दाराशी सापडतात. त्यांची बोटं मला झोपेत दिसतात. तुझे अप्पा उठलेच नव्हते. दार उघडं आहे की बंद, हे त्यांना कळलंच नाही."

धाकटा खाटेच्या कठड्याला धरून रडला. अगदी आवाज करून रडला. नर्स आत आली आणि परत गेली. थोरला दारात उभा होता. तो हळूहळू पुढे आला आणि आमच्या त्या मोडक्या, कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "कडी तू एकटा घातला नाहीस रे. घाल म्हणून मीच सांगितलो होतो. ते तू पोलिसांना का नाही बोललास?"

"तुला विचारले असते त्यांनी," धाकटा म्हणाला.

अस्थी टी. नरसीपूरला दोघांनी मिळून नेल्या. मीही गेलो, साध्या कपड्यात, मागे उभा राहिलो. मडकं धाकट्याच्या हातात होतं. पाण्यात उतरताना थोरल्याने त्याचा दंड धरला होता, तळाला शेवाळ असतं म्हणून.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की माणूस 'मीच केलं' म्हणाला तर काय केलं ते आधी विचारा, आणि जळालेल्या घरात न जळालेली भिंत दिसली तर तिच्यामागे काय आहे ते बघा. कामाचं तेवढंच. उरलेलं मी त्यांना सांगत नाही, कारण ते शिकवता येत नाही.

ते अग्निशमन अधिकारी आता नाहीत. होते तोवर मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. एकदा त्यांना म्हटलं, त्या पोराला तुम्ही जे दिलंत ते कुणाच्या नशिबी नसतं. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय, ते हसले. खरं म्हणजे मला त्या धाकट्याचा हेवा वाटत होता. माझे वडील गेले तेव्हा मी बंदोबस्तावर दुसऱ्या गावी होतो. घरात ते एकटेच होते. मी पोचलो तोवर शेजाऱ्यांनी त्यांना बाहेरच्या खोलीत आणून, आंघोळ घालून, कोरं धोतर नेसवून ठेवलं होतं. ते कसे निजले होते, भिंतीकडे तोंड होतं की दाराकडे, हे मी त्या गडबडीत कुणाला विचारलं नाही. आता विचारावंसं फार वाटतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांतलं कुणी उरलेलं नाही.